दाबू नको

चिंचवडला राहायला आलो तेव्हा पहिले काही दिवस आईला वाटायचं की जमिनीखाली कुणीतरी उखळात कांडत बसलंय. स्टेशनमागच्या पत्र्याच्या चाळीत आमची एकच खोली होती आणि समोरच्या रस्त्यापलीकडे वर्कशॉपं सुरू व्हायची. तिथल्या प्रेस चालू झाल्या की त्यांचा दणका रस्त्याखालून आमच्या जमिनीत यायचा. पितळेच्या कळशीतलं पाणी थरथरायचं. आई बीडकडच्या खेड्यातली. तिथे जमीन हलली तर लोक देवाला नारळ फोडायचे. आबा हसून म्हणायचे, "आगं, पत्रा कापतेत. पोट हाय ते आपलं." आबा म्हणजे माझे वडील. ते अशाच एका वर्कशॉपात प्रेस चालवायचे. पायाने पेडल दाबायचं, वरचा लोखंडी ठोकळा खाली यायचा आणि साच्यातला पत्रा वाटीसारखा वाकून निघायचा. दिवसभर हेच.

आमच्या शेजारच्या खोलीत वसंतकाका आणि काकी राहायचे. ते रत्नागिरीकडचे. मधली भिंत छतापर्यंत पोचलेलीच नव्हती. वर हातभर फट होती, आणि त्या फटीतून दोन्ही घरांचं सगळं इकडून तिकडे जायचं. आईने तव्यावर मिरच्या परतल्या की पलीकडे काकी शिंकायला लागायच्या. "काय गो, आमका मारतंस काय?" असं त्यांनी ओरडलं की आई तोंडाला पदर लावून हसायची आणि ठेच्याची वाटी माझ्या हाती देऊन पाठवायची. परत येताना वाटीत सोलकढी असायची. सुकट भाजली जायची त्या दिवशी मात्र आई दार उघडं टाकून ओट्यावर जाऊन बसायची. त्यावरून कधी बोलाचाली झाल्याचं मला आठवत नाही. दोन्ही घरांत मिळून मूल असं मी एकटीच होते, त्यामुळे दोन्ही घरांत जेवायचा माझा हक्क होता.

वसंतकाका आबांच्याच वर्कशॉपात सेटर होते. प्रेसमध्ये साचा बसवायचा, तो वरच्या ठोकळ्याखाली नीट आला की नाही ते पाहायचं, आणि मग प्रेसवाल्याच्या ताब्यात द्यायचा, हे सेटरचं काम. म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा काकांचा हात त्या ठोकळ्याखाली असायचा आणि आबांचा पाय पेडलजवळ. काका "दाब" म्हणाले की आबा दाबायचे. त्यांची दोस्ती इथूनच झाली होती. काका म्हणायचे, "बायकोपेक्षा मी ह्याच्या पायाला जास्त भितंय."

मला लहानपणापासून माणसांच्या बोलण्याचा नाद. कोण कसं बोलतं ते माझ्या कानात राहायचं आणि तोंडातून तसंच्या तसं निघायचं. आबांचं बोलणं शेवटी जड व्हायचं. लांबून हाक मारायची तर ते शेवटचं अक्षर ओढायचे, "येऊ नगंऽऽ", शेतातून बांधावर आवाज पोचवायची सवय ती. काकांचं उलटं. शब्दाचं पहिलं अक्षर ते असं फेकायचे की ऐकणारा दचकावा, आणि पुढचं सगळं तोंडातल्या तोंडात. मी दोघांची नक्कल करायचे आणि दोन्ही घरं पोट धरून हसायची. एकदा काका म्हणाले, "किसनराव, तुझं बोलणं म्हणजे बैलगाडी रे. मागचं चाक येईस्तोवर माणूस झोपी जातो."

"अन् तुझं?" आबा म्हणाले. "दगड मारल्यावानी. पयला लागतो. बाकीचं कुठं पडतं, कुनाला ठावं."

यावर सगळ्यात जास्त काकाच हसले होते.

सातवीनंतर मला शाळेतून काढायचा विचार घरात चालला होता. वाईट हेतू नव्हता; आमच्यात सातवी म्हणजे पुष्कळ होतं. तेव्हा काकांनी फटीतून आवाज दिला होता, "ही पोर माणसं पाठ करते, किसनराव. हिला घरी बसवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाय." आबांनी मला आठवीत घातलं. माझ्या नावापुढे आज ज्या पदव्या लागतात, त्यांची सुरुवात भिंतीच्या त्या फटीतून झाली. हे मी आजवर भाषणांत सांगितलेलं नाही, कारण पुढचंही सांगावं लागलं असतं.

मी दहावीत असताना एका दुपारी शाळेतून आले तर चाळीच्या नळावर बायका गोळा झाल्या होत्या आणि आमचं दार उघडं होतं. मागच्या ओळीतल्या एक मावशी आईला सांगत होत्या, "वसंताला पुन्याला नेलं. हात गेला त्याचा." काकी पायात काही न घालता स्टेशनकडे निघून गेल्या होत्या, तव्यावरची भाकरी तशीच जळत होती, ती मी उतरवली. आबा शिफ्ट संपायच्या आतच आले. त्यांच्या अंगावर रक्ताचा एक थेंब नव्हता, तरी नळाखाली हात धरून ते इतका वेळ उभे राहिले की मागे बादल्यांची रांग लागली आणि कुणीच त्यांना बाजूला हो म्हणालं नाही. मग घरात येऊन भिंतीला पाठ लावून बसले. आईने काही विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, "वसंता म्हनला, दाब. म्या दाबलं."

काकांच्या उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा राहिला.

दोन दिवसांनी काकी कपडे न्यायला घरी आल्या. आई त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली, आणि फटीतून मला काकींचा आवाज ऐकू आला. रडका नव्हता, कोरडा होता. "हे म्हणतात, साच्यात तुकडा अडकला होता, तो काढायला मी हात घातला आणि दाबू नको म्हणून ओरडलो. दाबू नको म्हटल्यावर कसं दाबलंनीत, तेवढं विचार तुझ्या घोवाला." आई चहा तसाच घेऊन परत आली. आबांनी सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, "म्या बहिरा न्हाई."

काका उभे राहू लागल्यावर वर्कशॉपात चौकशी बसली. मी तिथे नव्हते. आबांनी घरी सांगितलं आणि पुढे कितीदा सांगितलं, तेवढंच मला माहीत. प्रश्न सरळ होता. काका "दाब" म्हणाले असतील तर स्वतःचा हात आत असताना हुकूम देणारा सेटर दोषी, आणि कंपनी त्याला परत कामावर घ्यायला बांधील नाही. "दाबू नको" म्हणाले असतील तर दोष आबांचा. मग आबा घरी बसणार आणि काकांना गेटवर किंवा स्टोअरमध्ये हलकं काम मिळणार. दोघांपैकी एकाचीच रोजी राहणार होती. साहेबांनी टेबलाच्या एका बाजूला आबांना उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला हात गळ्यात बांधलेल्या काकांना. म्हणाले, "मला गोष्ट नको. एका शब्दात सांगा. काय म्हणाला?"

"दाब," आबा म्हणाले.

"किसनराव, नीट आठव रे," काका म्हणाले.

"आठवूनच सांगतो, वसंता."

मग शेजारच्या प्रेसवरच्या तिघांना एकेक करून आत बोलावलं. त्यातला एक काकांच्याच गावाकडचा होता, काकींचा दूरचा भाऊ लागायचा. तिघांनी शपथेवर तेच सांगितलं. "दाब." गाववाल्याने तर बाहेर आल्यावर काकांचे पाय धरले. "काय करू, मला तेवढंच ऐकू आलं," म्हणाला. चार माणसं एक शब्द सांगत होती आणि एकटा माणूस दुसरा. साहेबांनी काय ठरवायचं होतं? मी त्यांनाही दोष देऊ शकत नाही, आणि या सगळ्या प्रकरणाची मला अजून भीती वाटते ती त्यामुळेच. त्या खोलीत एकही माणूस खोटं बोलला नव्हता.

आबांची नोकरी राहिली. चाळीत कुणी त्यांना बोल लावला नाही, पण आबा मात्र दिवसेंदिवस रागावत गेले. त्यांना आधाराला तो राग लागत होता, हे मला फार उशिरा समजलं. जेवताना मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "नोकरीपायी मानूस इतकं खोटं बोलावं? माझी पोर ह्याच्या ताटात जेवली." एके दिवशी त्यांनी गोणपाट आणून भिंतीवरची फट बुजवली. त्यानंतर आमच्याकडे ठेचा झाला तरी कुणाची शिंक ऐकू येईना. आई मिरच्या परतायला घ्यायची आणि मध्येच हात थांबवून ऐकत उभी राहायची. काका ओट्यावर बसून डाव्या हाताने विडी पेटवायला शिकत होते. काड्या मोडायच्या. मी शाळेत जाता-येता पाहायचे आणि खाली मान घालून निघून जायचे.

त्यांनी गावी जायचं ठरवलं. सामान हातगाडीवर चढलं तेव्हा आबा कामावर होते. आई दारात उभी होती, पण पुढे झाली नाही. काकी गाडीमागून चालायला लागल्या आणि त्यांनी वळून पाहिलं नाही. काका मात्र थांबले. माझ्याजवळ आले. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती, प्रेस बंद होत्या, सगळीकडे शांतता होती. ते म्हणाले, "शाळा सोडू नको गो."

मला ते पूर्ण ऐकू आलं. शेवटच्या अक्षरापर्यंत.

मी शाळा सोडली नाही. मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि ही कृपा कुणाकुणाची याची मला रोज आठवण होते. आईने स्वतःसाठी लुगडं घेणं सोडलं होतं. आबा माझी पुस्तकं वर्तमानपत्राची कव्हरं घालून देत; त्यांना त्यातलं वाचता येत नसे, पण कव्हर बसवताना त्यांचा हात फार हळुवार व्हायचा. कॉलेजात मराठी शिकवणारे सर वयस्क आणि कडक होते. एकदा त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, "पुण्याला", आणि मला उभं करून वाचायला सांगितलं. मी वाचलं. सर म्हणाले, "हे गावाचं नाव झालं. आता 'त्याच्या पुण्याला सीमा नाही' यातला वाच." मी वाचलं, आणि माझंच मला ऐकू आलं की मी 'पु'वर जोर देऊन, 'ण' दाबून बोलले होते. "अक्षरं तीच, हिज्जे तेच," सर म्हणाले. "लिहिताना एक शब्द, कानाला दोन. फरक आहे तो आघाताचा, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्याचा. मराठीत आघाताने अर्थ फार ठिकाणी बदलत नाही, म्हणून आपण त्याला किंमत देत नाही." माझ्या डोक्यात मात्र मावशींचं ते वाक्य फिरत होतं. वसंताला पुन्याला नेलं.

तास तिथेच संपला असता तर कदाचित बरं झालं असतं. पण सर उत्साहात होते. त्यांनी एका मुलाला मैदानाच्या टोकाला पाठवलं आणि तिथून काही शब्द ओरडायला सांगितलं. आम्ही व्हरांड्यात उभे राहून ऐकायचं आणि काय ऐकू आलं ते सांगायचं. वारा होता, रस्त्यावरून ट्रक जात होते. तो "सांगितलं" म्हणाला, आम्हाला "सांग" ऐकू आलं. "वाचवलं" म्हणाला, आम्ही सगळ्यांनी "वाच" सांगितलं. मुलं हसायला लागली. सर म्हणाले, "पाहा, लांबून आणि गोंगाटातून शब्द सबंध येतच नाही. जोराचं अक्षर तेवढं पोचतं, हलकी अक्षरं वाटेत गळून पडतात. आणि पोचलेल्या तुकड्याचाच जर एक पुरा शब्द होत असेल, तर ऐकणाऱ्याला शंकासुद्धा येत नाही."

मी बाकावर जाऊन बसले. सरांना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी पाणी मागवलं.

हे आबांना सांगावं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. शेवटी एका गुरुवारी, आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते, आबा रेल्वेच्या रुळांपलीकडे जळण आणायला निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेले. परतताना लांबून मालगाडी येताना दिसली. मी त्यांना म्हटलं, "आबा, तुम्ही इथंच थांबा. मी त्या खांबापाशी जाऊन काहीतरी बोलते. काय ऐकू आलं ते सांगा." त्यांना वाटलं कॉलेजातला काही खेळ आहे. ते मोळी खाली ठेवून उभे राहिले. गाडी आली, डबे दणदणत जायला लागले, आणि मी वसंतकाकांच्या आवाजात, त्यांच्यासारखंच पहिलं अक्षर फेकून ओरडले. अंगणात सगळ्यांना हसवायला मी जी नक्कल करायचे, तीच.

गाडी गेली. आबा जागेवरून हलले नव्हते. मी जवळ गेले तर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"काय ऐकलंत?"

"दाब," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्याचा आवाज कामून काढलास?"

"मी दाब म्हणाले नाही, आबा."

"पुन्यांदा म्हन."

आता गाडी नव्हती. मी त्याच आवाजात, तसंच म्हटलं. "दाबू नको."

आबा खाली रुळांच्या कडेच्या खडीवर बसले. बराच वेळ त्यांनी मोळीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. मी त्यांना सरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, जोराचं अक्षर, हलकं अक्षर. मी म्हटलं, "तुम्ही खोटं बोलला नाहीत. चौघांनाही तेच ऐकू आलं असणार." मला वाटत होतं की मी त्यांच्यावरचं ओझं उतरवतेय. मी वीस वर्षांचीही नव्हते.

ते म्हणाले, "म्या खोटं बोललो न्हाई, ते मला ठावं हुतं. पोरी, तो खरं बोलत हुता." आणि मग, "बोटं गेल्यालं मानूस उभं हुतं समोर. अन् म्या त्याला लबाड म्हनलो."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले. पण साहेब बदलून गेले होते. नवीन साहेबांनी ऐकून घेतलं आणि सेटर आता कुठे असतो म्हणून विचारलं. गावी, म्हटल्यावर ते म्हणाले, "मग आता काय त्याचं?" वर्कशॉपात आबांनी एक मात्र केलं. हात आत असेल तर "दाब" हा शब्दच तोंडातून काढायचा नाही, असं ते नव्या पोरांना बजावू लागले. कुणीतरी म्हणालं, मग थांब म्हणू. आबांनी प्रेस चालू ठेवून लांबून ओरडायला लावलं, तर "थांब"ही कानाला "दाब"सारखंच लागलं. शेवटी ठरलं की "नको" आधी. आधी नको, मग काय नको ते. "नको दाबू." पुढे कितीतरी वर्षं त्या शेडमधली माणसं तशी उलटी बोलायची, आणि नव्याने आलेले हसायचे.

दिवाळीच्या सुट्टीत आबा एकटेच एस्टीने रत्नागिरीकडे गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, पिशवीत काकींनी दिलेली आमसुलं होती. आईने ती डब्यात भरली. पुढे कधीतरी, भिंतीवरचं गोणपाट आबा काढत होते तेव्हा, तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं. पलीकडे तेव्हा दुसरंच बिऱ्हाड राहायला आलेलं होतं.

"वसंतानं सगळं ऐकून घेतलं," ते म्हणाले. "मग म्हनला, किसनराव, तू ऐकलंस तेच बोललास, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तू खोटं बोलणारा नाय. माझ्याबद्दल तेवढं तुला वाटलं नाय." ही वाक्यं सांगताना आबांनी नकळत काकांसारखाच जोर दिला होता. नक्कल करणं त्यांना कधी येत नसे.

ते दोघे पुन्हा भेटले नाहीत. आमसुलं मात्र दर वर्षी येत राहिली, काका गेल्यानंतरही एक-दोन वर्षं.

आता मी मोशीला राहते. भोवती शेतं होती तिथे बारा-बारा मजले उठलेत. आबांची शेवटची वर्षं माझ्याजवळच गेली. आयुष्यभराच्या प्रेसनी त्यांचे कान नेले होते. आम्ही घरात ओरडूनच बोलायचो. एका सकाळी मी त्यांच्या खोलीतली फरशी पुसली होती आणि ती ओली होती. स्वयंपाकघरातून मी ओरडले, "आबा, उठू नका." मी इतकी वर्षं भाषा शिकवत आलेली बाई, आणि "नका" शेवटीच ठेवलं. बाहेर कुठल्यातरी इमारतीचा खांब ठोकणं चाललं होतं. मी बाहेर आले तर आबा पलंगावरून उतरून, भिंतीला धरून, ओल्या फरशीवर पाऊल टाकत होते. मी धावत जाऊन त्यांना कोपरापाशी धरलं.

त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं. "तू काय म्हनलीस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "तुम्ही काय ऐकलंत?"

"ऊठ."

"मग तुमचं बरोबर आहे, आबा."

ते पलंगावर बसायला तयार होईनात. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता.

"अन् तुझं?" ते म्हणाले. "तू काय म्हनलीस, ते सांग आधी."